परक्या गावचे भाडे

परक्या गावात पाऊल ठेवल्यानंतरची पहिली दहा मिनिटे माणसाची कसोटी पाहणारी असतात. प्रवासाचा शीण अंगात असतो, हातात सामान असते, पोटात भूक असते आणि समोरचा प्रत्येक चेहरा अनोळखी असतो. कोणते ठिकाण किती दूर आहे, तेथे जाण्यास किती पैसे पडावेत, हे कोणाला विचारावे, यांपैकी काहीच ठाऊक नसते. नेमक्या याच वेळी कोणीतरी पुढे येतो, सामानाला हात घालतो आणि मोठ्या आपुलकीने विचारतो, "कुठे जायचे?"

हा प्रश्न जगातील प्रत्येक स्थानकाबाहेर आणि विमानतळाबाहेर त्या त्या भाषेत विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा कष्टाची भाकरी मिळवणारा साधा माणूस असतो. क्वचित मात्र तो नवख्याच्या अज्ञानाची किंमत वसूल करण्यासाठी उभा असतो. दोघांचे शब्द सारखेच असतात, हसणेही सारखेच असते. त्यांच्यातील फरक ओळखावा कसा, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे.

रायपूरच्या मराठी घरांत हा प्रश्न अलीकडे वारंवार निघतो. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत राहिली आणि येथलीच झाली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आजही घरात मराठी, बाजारात हिंदी आणि दारावर आलेल्या भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा एकाच तोंडून सहज निघतात. या घरांतील मुले शिक्षणासाठी पुण्याला किंवा बंगळूरला जातात, तेथून नोकरीसाठी परदेशी जातात आणि एके दिवशी आईवडिलांना तिकडे येण्याचे निमंत्रण धाडतात. ज्यांचा लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची सोयरीक किंवा पंढरीची वारी, ती माणसे साठीनंतर पासपोर्ट काढतात. माना येथील विमानतळावरून निघून दिल्लीला किंवा मुंबईला विमान बदलतात आणि जेथील पाटीवरचे अक्षरही लागत नाही अशा शहरात उतरतात.

मानाच्या विमानतळाला २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. त्यामागेही एक प्रवासच आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र आपल्या कुटुंबीयांसह रायपूरला आला. वडील विश्वनाथ दत्त तेव्हा कामानिमित्त येथे राहत होते. त्या काळी रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचलेली नव्हती. नागपूरपासून पुढे बैलगाडी हेच वाहन होते आणि घनदाट अरण्यातून जाणाऱ्या त्या वाटेला पंधरा दिवसांहून अधिक काळ लागला. आज तेच अंतर रेल्वेने काही तासांत कापले जाते. वाटेवरचा वेळ कमी झाला, श्वापदांचे भय गेले. परंतु प्रवाशाच्या मनातील भय गेले नाही. पूर्वी ते वाटेवर भेटत असे, आता ते मुक्कामाच्या दाराशी भेटते.

वाटेवरील फसवणुकीचा इतिहास मध्य भारताला चांगला परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठगांच्या टोळ्यांनी येथील रस्ते असुरक्षित केले होते. जबलपूरहून स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि 'ठग' हा शब्द इंग्रजी भाषेतही रूढ झाला. ठगांची रीत ध्यानात घेण्यासारखी होती. ते झाडीतून अचानक झडप घालत नसत. ते प्रवाशांना वाटेत भेटत, आपणही त्याच गावी निघालो असल्याचे सांगत, सोबत जेवत आणि सोबत मुक्काम करत. वाट धोक्याची आहे, एकट्याने जाऊ नका, असा इशाराही तेच देत. प्रवाशाचा विश्वास पुरता बसल्यावर ते आपला डाव साधत. आजच्या फसवणुकीत रक्त सांडत नाही, ती खिशावर भागते. परंतु तिचा आरंभ आजही आपुलकीनेच होतो.

बँकॉक शहरातील एक प्रकार जगभरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. तेथील भव्य राजवाडा पाहण्यासाठी माणसे दुरून येतात. राजवाड्याच्या अलीकडे एखादा नीटनेटका मनुष्य त्यांना थांबवतो आणि हळहळून सांगतो, "राजवाडा आज बंद आहे. काही धार्मिक समारंभ आहे." मग तो उपायही सुचवतो. तीन चाकांची टुकटुक उभीच असते. अगदी थोड्या पैशांत ती शहरातील दोन-तीन मंदिरे दाखवील, असे तो म्हणतो. प्रवासी बसतो. मंदिरे दिसतात खरी, पण मध्येच गाडी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानासमोर थांबते. तेथे गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल चालकाला दुकानदाराकडून दलाली मिळते आणि ती दलाली गिऱ्हाइकाच्याच बिलातून निघते. राजवाडा मात्र त्या दिवशी उघडाच असतो. पाचशे पावले पुढे चालून प्रवेशद्वारावरील पाटी पाहिली असती, तर सारा घोटाळा टळला असता.

इतर युक्त्याही याच कुळातल्या आहेत. एक चालक म्हणतो, मीटर बिघडले आहे. दुसरा मीटर चालू करतो, पण चार किलोमीटरची वाट दहा किलोमीटरची करतो. तिसरा सांगतो, "तुम्ही सांगता ते हॉटेल कालच बंद झाले, मी दुसरे दाखवतो." चौथा मोठी नोट हातात घेतो, ती नजरेआड करतो आणि लहान नोट दाखवून म्हणतो, "तुम्ही एवढेच दिले." पाचवा 'पन्नास' असा आकडा बोलतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर स्पष्ट करतो की, ते पन्नास एका माणसाचे होते, सामानाचे वेगळे, शिवाय ते येथल्या चलनात नव्हे, तर डॉलरमध्ये होते. आकडा एकच, परंतु त्याचे अर्थ अनेक निघू शकतात. न उच्चारलेल्या शब्दांतच बहुतेक वेळा फसवणूक दडलेली असते.

या साऱ्या युक्त्या तीन आधारांवर उभ्या असतात. पहिला आधार अज्ञान, दुसरा घाई आणि तिसरा भीड. पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. तिसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. रायपूरच्या शास्त्री बाजारात भाजी घेताना जी गृहिणी दोन रुपयांसाठी घासाघीस करते, तीच परक्या विमानतळावर चकचकीत गाडीच्या दाराशी उभी राहिल्यावर भाडे विचारायला संकोचते. विचारले तर गावंढळ ठरू, भाषा अडखळली तर हसतील, साहेबासारखा पोशाख केलेल्या चालकाला पैशांचे विचारणे बरे दिसणार नाही, असे तिला वाटते. पतीही गप्प राहतात, कारण मुलाच्या गावी आपल्यामुळे कमीपणा यायला नको, अशी त्यांची धारणा असते. भीड ही भिकेची बहीण, असे मराठीत पूर्वापार म्हणतात. प्रवासात या म्हणीचा प्रत्यय रोकडा येतो. ज्याने भीड ओळखली, त्याने निम्मे भाडे आधीच वसूल केलेले असते.

भाडे विचारणे ही असभ्यता नव्हे. किंबहुना दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी सभ्यपणे वागता यावे, यासाठीच भाड्याचे नियम निर्माण झाले. 'टॅक्सी' हा शब्द ज्यापासून आला, ते टॅक्सीमीटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात प्रचारात आले. मीटर म्हणजे चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये बसलेला तिऱ्हाईत साक्षीदार. तो कोणाची बाजू घेत नाही, फक्त अंतर आणि वेळ मोजतो. मात्र साक्षीदाराची साक्ष ऐकता आली पाहिजे. मुंबईत जुनी यांत्रिक मीटरे होती, तेव्हा त्यांवरील आकडा म्हणजे प्रत्यक्ष भाडे नसे. त्या आकड्याचे रुपये किती, हे दरपत्रकावर पाहावे लागे. ज्याला ते पत्रक वाचता येत नसे, त्याला चालकाच्या शब्दावर विसंबून राहावे लागे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटरे आली आणि रुपयांचा आकडा सरळ डोळ्यांसमोर दिसू लागला. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये झाले. दीड किलोमीटरपर्यंतचा हा दर ज्याला माहीत असतो, त्याच्याशी बोलताना चालकाचाही सूर वेगळा असतो.

परदेशांतील अनेक शहरांनी नवख्यांसाठी अशाच सोयी केल्या आहेत. पॅरिसने २०१६ सालापासून मोठ्या विमानतळांवरून शहरात येण्याचे टॅक्सीभाडे ठरवून दिले आहे. तेथे वाट लांबवून चालकाचा काही लाभ होत नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून मॅनहॅटनला जाण्याचे मूळ भाडेही असेच बांधलेले असून २०२२ च्या डिसेंबरात ते ७० डॉलर झाले. पुलाचे शुल्क व इतर आकार मात्र त्यात धरलेले नसतात, हेही आधी माहीत असावे लागते. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीच्या चालकाला एक कठीण परीक्षा द्यावी लागते. १८६५ सालापासून चालत आलेल्या या परीक्षेसाठी शहराच्या मध्यभागापासून सहा मैलांच्या आतील सुमारे पंचवीस हजार रस्ते त्याला तोंडपाठ करावे लागतात. तयारीला कित्येकदा तीन-चार वर्षे जातात. जेथे चालकाचे ज्ञान असे पारखून घेतले जाते, तेथे प्रवाशाच्या अज्ञानाला फारसा धोका राहत नाही. जेथे तशी व्यवस्था नसते, तेथे प्रवाशाने स्वतःच थोडे ज्ञान पदरी बांधून निघावे लागते.

हे ज्ञान एका कागदावर मावण्याइतके लहान असते. उतरायच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता तेथील लिपीत लिहून घेतलेला असावा. कारण 'अमुक मंदिराजवळ' ही खूण परक्या चालकाला कळत नाही. विमानतळापासूनचे अंतर आणि साधारण भाडे यजमानाला विचारून त्याखाली टिपलेले असावे. यजमानाचा दूरध्वनी क्रमांक केवळ मोबाइलमध्ये न ठेवता कागदावरही असावा, कारण बॅटरी संपण्याची वेळ आणि अडचणीची वेळ पुष्कळदा एकच असते. त्या देशातील साहाय्याचा क्रमांकही त्याच कागदावर असावा. भारतात आणि युरोपातील बहुतेक देशांत तो ११२ आहे, अमेरिकेत ९११ आहे आणि थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांसाठी ११५५ आहे. स्थानिक चलनातील सुट्या नोटा वरच्या खिशात असल्या, म्हणजे मोठी नोट काढण्याचा प्रसंग येत नाही. ती काढावीच लागली, तर देताना तिचा आकडा मोठ्याने उच्चारलेला बरा.

गाडीत बसण्यापूर्वीचे अर्धे मिनिट फार मोलाचे असते. विमानतळाच्या आत शिरून सामान ओढणाऱ्याच्या मागे न जाता 'टॅक्सी' अशी पाटी असलेल्या रांगेत उभे राहावे. मीटर असेल तर ते चालू करण्यास सांगावे; नसेल तर एकूण भाडे किती, कोणत्या चलनात, किती माणसांचे आणि सामानासह की वेगळे, हे चारही प्रश्न दार उघडण्यापूर्वी विचारावेत. भाषा येत नसेल, तर आकडा कागदावर लिहून दाखवावा. अंकांना दुभाषा लागत नाही. हल्ली मोबाइलवरून गाडी बोलावण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. तिच्यात भाडे आणि गाडीचा क्रमांक आधीच दिसतो. परंतु तो क्रमांक समोरच्या गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहण्याचे काम प्रवाशाचेच असते. ती मागणी रद्द करून रोख पैसे द्या, असे कोणी सुचवले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा, हे उत्तम.

एवढे करूनही कधी फसगत होतेच. अशा वेळी पैशापेक्षा जीव मोठा, हे विसरता कामा नये. रात्रीच्या वेळी, निर्जन रस्त्यावर, सामान गाडीत असताना वाद घालणे शहाणपणाचे नाही. मुक्कामी पोहोचावे, सामान उतरवून घ्यावे आणि मग उजेडात, चार माणसांत, गाडीचा क्रमांक हाताशी ठेवून बोलावे. हॉटेलच्या दारावरचा पहारेकरी किंवा घरचा यजमान जवळ उभा राहिला की वाढलेले भाडे पुष्कळदा आपोआप खाली येते. नाहीच आले, तर रीतसर तक्रार करावी आणि गेलेल्या पैशांचा शोक आवरता घ्यावा. एका संध्याकाळच्या फसवणुकीने पंधरा दिवसांचा आनंद नासू देणे, हे दुसऱ्यांदा फसण्यासारखेच आहे.

सावधपणालाही एक मर्यादा असते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे स्वाभाविक आहे. पण ताक पिणेच सोडून दिले तर उपाशी राहण्याची पाळी येते. एकदा नाडला गेलेला मनुष्य पुढे प्रत्येक चालकाकडे चोर म्हणून पाहू लागतो. तो कोणाशी बोलत नाही, कोणाला वाट विचारत नाही, गाडीत बसल्यावर रस्त्यांऐवजी मीटरकडेच टक लावून पाहतो. असा प्रवासी पैसे वाचवतो, पण ज्यासाठी घर सोडले ते जग गमावून बसतो. परक्या शहराची पहिली ओळख पुष्कळदा चालकाच्याच तोंडून होते. कोणत्या गल्लीत चांगले जेवण मिळते, पाऊस केव्हा येतो, लोक कशावर हसतात आणि कशावर रागावतात, हे तोच सांगतो. तोही कोठून तरी पोट भरण्यासाठी त्या शहरात आलेला असतो. दुबईतील टॅक्सीत बसलेल्या मराठी माणसाला चालक केरळचा, पंजाबचा किंवा पेशावरचा भेटतो आणि हिंदीचे दोन शब्द उच्चारताच अर्ध्या वाटेतच एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी सुरू होते. आधी भाडे स्पष्ट ठरलेले असेल, तर असा संवाद मोकळेपणाने होऊ शकतो. भाडे विचारण्याने विश्वास मोडत नाही. उलट त्याला बसायला जागा मिळते.

परदेशाचा विचार करता करता दृष्टी आपल्या गावाकडे वळवणेही आवश्यक आहे. परदेश नकाशावरील सीमेपलीकडेच सुरू होतो असे नाही. माणसाची माहिती जेथे संपते, तेथे त्याचा परदेश सुरू होतो. बस्तरच्या आतल्या भागातून किंवा ओडिशाच्या सीमेवरील खेड्यातून रुग्णाला घेऊन येणाऱ्या कुटुंबाला रायपूर हाच परदेश असतो. डॉ. आंबेडकर रुग्णालयात किंवा एम्समध्ये उपचार घेण्यासाठी अशी माणसे रोज येतात. कोणाची भाषा हलबी असते, कोणाची गोंडी, कोणाची ओडिया. स्थानकाबाहेर येताच त्यांच्याभोवती आवाज उठतात, "कहाँ जाना है, बाबा?" रायपुरात रिक्षाचे भाडे बहुधा बोलूनच ठरते. ज्याला बोलता येते, त्याचे ठरते. ज्याला येत नाही, त्याच्यावर लादले जाण्याची शक्यता असते. पंढरीचे जुने बसस्थानक २०२१ साली भाठागावला हलवण्यात आले. वर्षानुवर्षे पंढरीला उतरणाऱ्या खेडूताला नव्या जागेपासून रुग्णालय किती दूर, याचा अदमास राहिला नाही. पदराच्या गाठीतील शंभर-दोनशे रुपये औषधासाठी राखलेले असतात. त्यातील पन्नास वाटेतच अधिक गेले, तर त्याची भरपाई करणारा कोणी मुलगा त्याच्यासाठी विमानतळावर उभा नसतो.

अशा माणसाच्या शेजारी जो रायपूरकर उभा असतो, त्याला भाडे ठाऊक असते, अंतर ठाऊक असते, कोणत्या ठिकाणी सामायिक रिक्षा मिळते हेही ठाऊक असते. "बाबा, तेथे जायला इतकेच पैसे पडतात," एवढे एक वाक्य त्याने उच्चारले, तर त्याची काही झीज होत नाही. प्रामाणिक चालकालाही ते हवेच असते, कारण शेजारच्या गाडीवाल्याच्या लबाडीने त्याच्याही धंद्याची पत जाते. पुष्कळ चालक स्वतः होऊन योग्य भाडे सांगतात, म्हाताऱ्याला हात धरून रुग्णालयाच्या पायरीपर्यंत सोडतात. त्यांची संख्या वाढते ती पोलिसांच्या धाकाने थोडी आणि गावाच्या वळणाने अधिक. ज्या गावात नवख्याला खरे सांगण्याची रीत असते, तेथे खोटे सांगणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही.

प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती म्हणून दोन गोष्टी असाव्यात. जाताना पत्त्याचा आणि भाड्याचा कागद असावा आणि विचारण्याची भीड घरी ठेवलेली असावी. परत आल्यावर, आपल्या स्थानकाबाहेर गोंधळून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून दोन पावले थांबण्याची तयारी असावी. परक्या गावी स्वतःला जे कोणीतरी सांगायला हवे होते, ते आपल्या गावी दुसऱ्याला सांगितले, म्हणजे प्रवासाचे भाडे खऱ्या अर्थाने चुकते होते.